हात धुतल्याचा गुन्हा

"बिल्ला खाली ठेव," कारकून म्हणाला.

मी टेबलावर ठेवायला हात पुढे केला, तर तो खुर्चीसकट मागे सरकला.

"टेबलावर नको. खाली. फरशीवर."

ठेवला. पितळेचा बिल्ला. 'नोंदलेली सुईण' असं कोरलेलं, खाली माझा नंबर. रोज राखेनं घासायची मी तो. पोरांचा बाप म्हणायचा, घरातल्या एका भांड्याच्या नशिबी एवढी राख नाही. खरंच होतं ते. भांडी काळीच होती आमची.

कारकुनानं शिपायाला खूण केली. शिपाई तांब्या घेऊन आला आणि फरशीवरच्या बिल्ल्यावर त्यानं पाणी ओतलं. वहाणेच्या टोकानं बिल्ला उलटा केला. पुन्हा ओतलं. मग कारकुनानं तो रुमालात धरून उचलला आणि खणात टाकला.

"तुझं नाव रजिस्टरातून कमी झालं. कारण, हात न धुता बाळंतपण केलं. अस्वच्छता."

बिल्ला माझ्यादेखत अंघोळ करून खणात गेला होता. अस्वच्छ कोण? तर मी. मला हसू आलं. नको त्या वेळी हसू येतं मला, लहानपणापासूनची खोड आहे. लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही आलं होतं.

"हसतेस?" कारकून म्हणाला. "उद्धट आहेस हे तक्रारीत लिहिलंच आहे."

जळगावची ती सुईणींच्या कमिटीची खोली. बाहेर पडले तेव्हा लुगड्यावर जिथं बिल्ला लावायचे तिथं टाचणीची दोन भोकं होती. गाडीत बसून अमळनेरपर्यंत मी ती भोकं पदराखाली झाकत आले. लाज त्यांना वाटायला पाहिजे होती. वाटत होती मला.

घरात ही गोष्ट निघाली की धाकटा म्हणतो, "माय, ते घागरनं सांग." मग मी घागरीचं सांगते, तोंड वाकडं करून, कारकुनाची नक्कल करून, आणि सगळे हसतात. मीच हसवते. इतकी वर्षं हसवलं. पण हसवता हसवता उरलेलं गिळलं. आज सगळं लिहिते. हसायचं तिथं हसा. नाही आलं तर उत्तम.

माझं माहेर सोनगीर. आम्ही महार. आई सुईण, आजी सुईण, आणि लग्न होऊन अमळनेरला आले तर सासूही सुईण. म्हणजे सुटका नव्हतीच. पण मी धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात रीतसर शिकले. तिथल्या मडमेनं आम्हांला सगळ्यांत आधी काय शिकवलं असेल, तर हात धुणं. उकळलेलं पाणी, साबण, नखं, कोपरापर्यंत. आमच्याकडे घड्याळ कुठलं? म्हणून मडम म्हणायची, "तुम्ही जात्यावर गाता ना? एक ओवी पुरी होईपर्यंत घासायचं." प्रत्येकीनं आपापली ओवी बांधली. माझी अशी:

ऊनं ऊनं पानी बाई, साबनना फेस
येनारा जीवले माय, नको लागो ठेस

ओवी कसली, नुसता खडखडाट. गळाही माझा असा की मडम म्हणायची, "तू मनात म्हण." पण त्या ओवीशिवाय मी एकाही बाळंतिणीला हात लावला नाही. कधीच नाही.

धरणगावला एका कापसाच्या शेटजींचं घर आहे. त्यांच्या सुनेचं पहिलं बाळंतपण. मला बोलावणं आलं. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, पण शेटजींच्या घरी दिवे भरपूर. मला मात्र मागच्या दारानं घेतलं, मोरीच्या बाजूनं. त्याची मला सवय होती. त्या वेळी होती.

खोलीच्या दारात तांब्याचा हंडा, त्यात कढत पाणी. त्याला मी हात लावायचा नाही. शेटजींची आई, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, त्या तांब्यानं वरून पाणी घालणार आणि मी ओंजळीत घेणार. हा त्या घराचा रिवाज. पुष्कळ घरांचा होता. बाळंतिणीला शिवलं तर चालतं, बाळाला शिवलं तर चालतं, पाण्याला नाही. का, ते विचारायचं नाही. मी विचारत नसे.

दुसरा रिवाज असा की बाळ बाहेर यायच्या वेळी घरातल्या बायकांनी खोलीबाहेर जायचं. विटाळ. म्हणजे ज्या वेळी पाणी सगळ्यांत जास्त लागतं, नेमकी त्याच वेळी पाणी घालणारी बाई पळणार. दोन्ही रिवाज कोणी एकत्र ठेवून बघितलेच नव्हते. मी त्या दिवशी बघितले.

सुनेला मोठी कळ आली. माझे हात भरलेले होते, धुवायला हवे होते. मी ओरडले, "अक्का, पानी!"

बाहेरून आवाज आला, "थांब वं! देवना दिवा लाई राहिनू!"

"अक्का, डोकं दिसतंय!"

"थांब म्हनी राहिनू ना!"

बाळाला कोण थांब म्हणणार? मी उठले. हंड्याचं झाकण काढलं. शेजारी पडलेला तांब्या बुडवला, हात धुतले, साबण लावला, ओवी म्हटली. या वेळी मोठ्यानं म्हटली, कारण पोरीला धीर हवा होता. पुन्हा धुतले. आणि तिच्याजवळ बसले. मुलगा झाला. चांगला रडका, तांबडा. पोरगी घामानं भिजलेली, माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "गाता किती वाईट तुम्ही."

अक्का आत आल्या. पणतवाकडे बघायच्या आधी त्यांनी हंड्याकडे बघितलं. झाकण खाली होतं.

"हंडाले हात कोनी लावा?"

"मी," मी म्हटलं. "हात धुवायचे होते."

त्यानंतर त्या घरात जो आकांत झाला, त्यापुढे बाळाचं रडणं ऐकू येईना. हंडा उलटा केला. पाणी मोरीत गेलं. मग तो हंडा अंगणात काटक्यांच्या जाळात घातला, शुद्ध करायला. मी दारातून बघत होते. बाळाला मात्र कोणी जाळात घातलं नाही. त्याला तर मी डोक्यापासून पायापर्यंत शिवले होते. त्याच्यावर गोमूत्राचे दोन थेंब उडवले, झालं. मुलगा होता ना. हंडा तांब्याचा होता.

पंधरवड्यात कमिटीचं बोलावणं आलं. पुढचं सांगितलंच.

गंमत बघा. हात धुतले म्हणून तक्रार करता येत नव्हती, म्हणून हात धुतले नाहीत अशी तक्रार केली.

आता लायसन परत मिळायचे नियम. कारकुनानं ते मला उभं ठेवून वाचून दाखवले. वर्षभर थांबायचं. तोवर गावाच्या हद्दीत बाळंतपण केलं तर दंड. वर्षानंतर अर्ज. मग जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली बाळंतपणं करायची, म्हणजे हात धुण्याची पद्धत सुधारली की नाही ते त्यांना दिसेल. मग एका प्रतिष्ठित गृहस्थाचा चांगल्या वर्तनाचा दाखला. शेवटी कमिटीपुढे चूक कबूल करून सही.

"प्रतिष्ठित म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तुमच्यातलं कोणी नाही," कारकून म्हणाला. मदत केल्यासारख्या आवाजात.

वर्षभर थांबले. पोरांचा बाप जिनिंगमध्ये कामाला होता, त्यावर चाललं. चाललं म्हणजे काय, भाकरीचा आकार कमी झाला आणि मी बारीक झाले. तेवढा एक फायदा. शेजारच्या बायका म्हणायच्या, "आते बरी दिसस." सासू म्हणायची, "आपलं पिढीजात काम शे. बिल्ला कसाले पायजे होता तुले?" तिला सांगून कळलं नसतं. पिढीजात कामाबद्दल शिळं मिळतं, लांबून टाकलेलं. बिल्ला असला की लोकांना विचारावं लागतं, "नर्सबाई, आत येता का?" मला ते विचारणं पाहिजे होतं. मला अहंकार होता म्हणा. म्हणा की.

वर्ष सरलं. अर्ज केला. जळगावच्या दवाखान्यात गेले. कमिटीचे अध्यक्ष तेच तिथले डॉक्टर. गोरेगोमटे, बोलणं मऊ. बाळंतीण टेबलावर. मी हात धुवायला वळले, तर दवाखान्याचा पाणक्या झारी घेऊन उभा. त्यानं वरून धार धरली. साबण लावला नाही तोच धार बंद.

"अजून घाल."

"झालं तेवढं बास," तो म्हणाला. "झारी तुला लागंल."

माझ्या कोपरापर्यंत फेस. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. पदराच्या ओल्या टोकानं मी तो फेस पुसला, आणि डॉक्टरांनी तेवढं मात्र बरोबर बघितलं. शेरा दिला, "पद्धत अपुरी."

म्हणून पुढच्या वेळी मी घागर नेली.

आमच्या महारवाड्याच्या विहिरीचं पाणी, पहाटे चुलीवर खळखळ उकळलेलं, घागरीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. पोरांचा बाप दारात उभा राहिला.

"जळगावले पानी नही का?"

"शे. पन माले नही."

अमळनेरहून जळगावपर्यंत मांडीवर घागर घेऊन बसले. तिकीटवाला आला. "काय आहे यात? तूप?" "पाणी." त्याला पटेना. फडकं सोडून बघितलं, वास घेतला, पुढच्या डब्यात जाऊन चारजणांना सांगितलं असेल की एक वेडी पाणी घेऊन जळगावला चालली आहे. धरणगाव स्टेशनात गाडीला धक्का बसला आणि अर्धी घागर माझ्या लुगड्यावर. उतरले तेव्हा लोकांना वाटलं, हिचंच बाळंतपण जवळ आलंय. एका म्हातारीनं मला हात धरून दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं. इथं पोरं हसतात. हसा.

डॉक्टरांनी घागर बघितली. "हे काय?"

"माझं पाणी. उकळलेलं आहे. मला पद्धत पुरी करून दाखवायची आहे."

"कुठल्या विहिरीचं?"

मी सांगितलं.

ते मऊ आवाजात म्हणाले, "त्या पाण्याची मी काय खात्री देऊ? रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

म्हणजे त्यांच्या पाण्याला मी चालत नाही, आणि माझं पाणी त्यांना चालत नाही. आणि हात मात्र धुऊन दाखवायचे. मी घागर तिथंच दवाखान्याच्या पायरीवर उपडी केली. रिकामी घागर घेऊन परत. इथं पोरांना मी सांगत नाही की गाडीत मी रडले. तोंड घागरीत घालून रडले. आवाज मोठा घुमला.

कारकून दयाळू माणूस. त्यानंच वाट दाखवली. "बाई, तू उगाच ताणतेस. शेटजींनीच दाखला दिला तर डॉक्टर शेऱ्यांकडे बघणार नाहीत. कबुली लिही, सही कर, बिल्ला घे."

गेले धरणगावला. मागच्या दारानं गेले. शेटजी पडवीत झोपाळ्यावर. मला अंगणात उभं केलं. त्यांना राग नव्हता, हे मला फार लागलं. माझ्याशी ते व्यवहाराचं बोलावं तसं बोलले.

"देतो ना दाखला. तू कबुली दे की हात धुतले नव्हते."

"शेटजी, धुतले होते. तुमच्या हंड्यातल्या पाण्यानं."

"पाण्याचं नाव काढायचं नाही," ते म्हणाले. "पाण्याबद्दल तक्रार केली तर वरचा साहेब मलाच चार गोष्टी ऐकवेल. म्हणून तर तसं लिहिलं. तुला कळत कसं नाही?"

दारात सून उभी होती. कडेवर तो मुलगा, गुटगुटीत. ती हळूच म्हणाली, "बाबा, त्यांनी हात धुतले होते. मी बघितलं."

आतून अक्कांचा आवाज आला. "तू शुद्धवर तरी व्हती का वं? जाय, पोऱ्याले दूध पाज!"

ती गेली. मागे वळून न बघता गेली. तिला मी दोष देत नाही. पण माफही करत नाही. तिच्यापाशी एक वाक्य होतं, तेवढ्यावर माझं लायसन होतं, आणि ते तिनं कडेवरच्या मुलासकट आत नेलं.

शेटजींनी दाखला लिहून मुनिमाकडे दिला. "कमिटीत परस्पर पोचेल. कबुली तिथं दे."

घरी पोरांचा बाप म्हणाला, "सही करी दे ना. एक ओळ लिखानं तुन्हं काय जास? बठ्ठा गावले माहीत शे तू कशी शे ते."

मी म्हटलं, "करी देसू."

हो. असंच म्हटलं. मी काही जन्मजात वाघीण नव्हते. मला बिल्ला पाहिजे होता. जळगावला निघताना चांगलं लुगडं नेसले, टाचणी घासून घेतली, रात्रभर सहीचा सराव केला होता. पहिलं अक्षर माझं नेहमी घसरतं. ते घसरू नये एवढीच माझी काळजी होती. खोट्याची नव्हती. अक्षराची होती.

कमिटीची तीच खोली. डॉक्टर मध्ये, दोन्ही बाजूंना दोन गृहस्थ, त्यांची नावं मला कोणी सांगितली नाहीत. टेबलावर कबुली लिहून तयार. तिच्यावर वजन म्हणून माझा बिल्ला. दीड वर्षात काळा पडला होता. पाणी ओतलं, पण घासला कोणी नव्हता.

"सहीआधी हात धुण्याची पद्धत दाखव," डॉक्टर म्हणाले. "नियम आहे."

कोपऱ्यात स्टुलावर तांब्याचा हंडा. वर झाकण. खाली घमेलं. कारकुनानं तांब्या भरून घेतला आणि हात उंच करून उभा राहिला.

"ओंजळ पुढं कर. लांबून. लांबून."

मी ओंजळ पुढं केली. खरंच केली. आणि त्या हंड्याकडे बघितलं. तोच तांबडा रंग, तेच झाकण. माझ्या कानात त्या पोरीचं कण्हणं आलं, आणि बाहेरून, थांब वं, थांब वं. मला एकदम कळलं की मी सही केली तर उद्यापासून मी खरंच हात न धुतलेली सुईण होणार. बिल्ला लावून. जन्मभर. आणि प्रत्येक घरात कोणीतरी उंचावरून धार धरणार, आणि मनाला येईल तेव्हा बंद करणार.

मी ओंजळ खाली केली. कारकुनाच्या बाजूनं पुढं गेले. हंड्याचं झाकण उचललं.

"अगं ए! ए बाई!"

शेजारचं फुलपात्र बुडवलं. घमेल्यावर हात धरले. कनवटीला माझा साबणाचा तुकडा होता, तो काढला. आणि घासायला लागले. नखं, बोटं, मनगट, कोपर. ओवी मोठ्यानं म्हटली, माझ्या त्या फुटक्या गळ्यानं, सबंध. कोणी हललं नाही. कारकुनाचा तांब्या हवेत तसाच. पुन्हा पाणी घेतलं. फेस धुऊन टाकला. हात वर धरून टेबलाजवळ गेले, कोपरांवरून पाणी त्यांच्या फरशीवर ठिबकत होतं.

"त्या दिवशी असेच धुतले होते," मी म्हटलं. "धरणगावच्या हंड्यातून. हाच माझा गुन्हा. आता खरं कारण लिहा."

उजवीकडचे गृहस्थ उठून उभे राहिले, जणू पाणी त्यांच्या पायाशी येत होतं. डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "तुला कळतंय का, तू आत्ता काय घालवलंस?"

"कळतं. तुम्ही लिहा."

डॉक्टर कारकुनाकडे वळले. "लिही. 'नियमाप्रमाणे पद्धत दाखवली नाही. अर्ज नामंजूर.'"

मला हसू आलं. या वेळी वेळ बरोबर होती.

मी जिना उतरत होते तेव्हा वरून हंडा ओतल्याचा आवाज आला. पाणी माझ्या शेजारून नालीत गेलं. स्वच्छ होतं. त्यात नुसता थोडा साबणाचा फेस होता.

पोरांच्या बापानं विचारलं, "करी का सही?" मी सांगितलं काय झालं ते. तो म्हणाला, "आते काय?" मी म्हटलं, "आते भाकर टाकस."

तेव्हापासून मी कोणाच्या मागच्या दारानं गेले नाही. आमच्या वाड्यात बाळंतपणं करते. बिल्ल्याशिवाय करते. कमिटीचा शिपाई दंडाला येतो, मी दार उघडते आणि सांगते, दंड करा, पण पावतीवर कारण लिहा. तो कारण लिहायला कचरतो. गेल्या थंडीत शेटजींच्या घरचा गाडीवान आला. दुसऱ्या खेपेचं दुखत होतं सुनेला, दुसरी सुईण मिळत नव्हती. "मागच्या दारनं चालशी ना?" म्हणाला. मी म्हटलं, "पुढचं दार उघडा, हंड्याचं झाकण माझ्या हातात द्या, मी आत्ता निघते." तो गाडी घेऊन परत गेला. त्या पोरीचं काय झालं असेल या विचारानं मी दिवसभर बसले होते. तरी उठून गेले नाही. हे मला गोड वाटत नाही. पण दार मी बंद केलेलं नव्हतं.

दरसाल अर्ज करते. त्यात एक रकाना आहे, नाव कमी होण्याचं कारण. मी लिहिते, 'हात धुतले.' दरसाल परत येतो, कारण चुकीचं भरलं म्हणून. पुढच्या साली पुन्हा तेच लिहिते. माझं अक्षर आता अजिबात घसरत नाही.

आता म्हणे राज्य बदलणार. बदलू दे. कमिटीच्या खोलीतला हंडा अजून तिथंच आहे, आणि त्याच्यावर झाकण आहे. यंदाचा अर्ज लिहून झाला आहे. तो मी टपालानं पाठवणार नाही, स्वतः घेऊन जाणार. बिल्ला मागणार. माझा आहे तो. आणि आधी हात धुऊन दाखव म्हणाले, तर झाकण मीच उचलणार.